वैश्विकतेची वाट गावातूनच जाते

पदवीच्या वर्गात असताना इंग्रजी कवितेच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न हमखास येत असे. कवितेचे नाव बदले, कवीचे नाव बदले, प्रश्न तोच. ‘या कवितेतील वैश्विक आशय स्पष्ट करा.’ उत्तरही ठरलेले असे. मृत्यूपुढे सर्व समान, सत्ता क्षणभंगुर, निसर्ग माणसाचा गुरू, युद्ध विनाशकारी. बाजारात मिळणाऱ्या मार्गदर्शकांत ही सारी सूत्रे एकाखाली एक छापलेली असत. आम्ही ती पाठ केली, उत्तरपत्रिकेत उतरवली आणि बऱ्यापैकी गुण मिळवून मोकळे झालो. थॉमस ग्रे या कवीच्या शोकगीतावर मी चांगली चार पाने लिहिली होती. ते शोकगीत मात्र अथपासून इतिपर्यंत वाचलेले नव्हते. आज हे कबूल करताना संकोच वाटतो; पण माझ्या पिढीतील कितीतरी कला पदवीधरांची हीच कबुली असेल, असेही वाटते.

पुढे वृत्तपत्राच्या नोकरीत असताना एका उन्हाळ्यात पाणीटंचाईची बातमी करण्यासाठी सातारा जिल्ह्यातील एका गावी गेलो होतो. टँकर यायचा होता. चावडीच्या ओट्यावर वाट पाहत बसलो असताना भिंतीत बसवलेल्या एका दगडी पाटीकडे लक्ष गेले. ती पहिल्या महायुद्धाची पाटी होती. अशा पाट्या आपल्याकडे अनेक गावांत आढळतात. या गावातून इतके लोक महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच इंग्रजी मजकूर. नाव एकाचेही नाही, केवळ आकडा. शेजारी बसलेल्या वृद्ध गृहस्थांना विचारले, "बाबा, हे कोण होते?" त्यांनी पाटीकडे न पाहताच सांगितले, "असतील आमच्यातलंच कुनीतरी. आता नावं कोन सांगनार?"

त्या क्षणी ग्रे आठवला. खरे तर तो त्या दिवशी प्रथमच कळला. घरी आल्यावर ते शोकगीत शोधून काढले आणि पुरते वाचले. महाविद्यालयात जे ‘वैश्विक’ म्हणून पाठ केले होते, ते चावडीच्या ओट्यावर, एका विशिष्ट गावात, एका विशिष्ट दगडासमोर उमगले होते. हा योगायोग नव्हता. कवितेतील वैश्विकता हाती लागण्याची रीतच ही आहे, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे. हा लेख त्या समजुतीचा आहे.

सीझर गेला, हॅम्पडेन आला

ग्रे (१७१६-१७७१) हा केंब्रिजमध्ये ग्रंथांच्या सहवासात आयुष्य घालवलेला, फार थोडे लिहिणारा कवी. बारा भावंडांपैकी तो एकटाच जगला. १७४२ साली त्याचा जिवलग मित्र रिचर्ड वेस्ट ऐन पंचविशीत गेला. शोकगीत त्याने १७५० मध्ये पूर्ण केले आणि १७५१ साली ते प्रसिद्ध झाले. बकिंगहॅमशायर परगण्यातील स्टोक पोजेस या खेड्यातील चर्चच्या आवाराशी ही कविता परंपरेने जोडली जाते. त्याच आवारात आपल्या आईच्या थडग्यात ग्रेही चिरविश्रांती घेत आहे.

कवितेत दिवस मावळतीला लागलेला आहे आणि कवी गावाच्या दफनभूमीत एकटाच उभा आहे. तेथे राजे नाहीत, सेनापती नाहीत. जमीन कसणारे, लाकूड तोडणारे, गावाबाहेर कोणाला ठाऊक नसलेले लोक तेथे आहेत. यांच्यातही कोणी महाकवी, कोणी राष्ट्रनेता दडलेला असेल. दारिद्र्यामुळे आणि अक्षरओळखीच्या अभावामुळे त्याला वाट मिळाली नसेल, असे कवीच्या मनात येते. आणि त्यालगतच दुसरा विचार येतो, की वाट न मिळाल्यामुळे यांच्या हातून घडू शकणारे क्रौर्यही टळले. गरिबांविषयी केवळ कळवळा व्यक्त करून ग्रे थांबत नाही. तो त्यांना चांगल्या आणि वाईट अशा दोन्ही शक्यतांची पूर्ण माणसे मानतो. चावडीवरील पाटीने ज्यांना आकडा केले होते, त्यांना ही कविता माणूस करत होती.

या कवितेचे एक जुने हस्तलिखित ईटन येथे जतन केलेले आहे. खेड्यातील त्या अज्ञात माणसांत कोण दडलेले असेल हे सांगताना ग्रेने त्या खर्ड्यात तीन नावे योजली होती : केटो, सिसेरो आणि सीझर. तिन्ही रोमन, तिन्ही साऱ्या युरोपच्या परिचयाची. छापील कवितेत मात्र ही नावे नाहीत. त्यांच्या जागी हॅम्पडेन, मिल्टन आणि क्रॉमवेल आले. त्यातला जॉन हॅम्पडेन तर त्याच बकिंगहॅमशायरचा. राजाने लादलेला नौकाकर भरण्यास नकार देणारा जमीनदार. मार्गदर्शकाच्या हिशेबाने पाहिले तर हा उलटा प्रवास म्हणावा लागेल. अधिक जगप्रसिद्ध नाव सोडून कवीने अधिक स्थानिक नाव घेतले. सीझरला सोडून तो परगण्यातल्या शेजाऱ्याकडे वळला. आणि कवितेचे काहीच बिघडले नाही. उलट पायाखाली स्वतःची माती आल्याने ती अधिक खरी झाली. बकिंगहॅमशायरच्या खेडुताला हॅम्पडेन सापडला, म्हणून साताऱ्याच्या खेड्यात बसलेल्या मला माझे कोणीतरी सापडले.

वाळू आणि वाडा

पर्सी शेलीची ‘ओझिमँडियस’ ही चौदा ओळींची कविता ११ जानेवारी १८१८ रोजी लंडनच्या ‘एक्झामिनर’ या साप्ताहिकात टोपणनावाने छापून आली. ओझिमँडियस हे इजिप्तचा सम्राट दुसरा रामसेस याचे ग्रीक नाव. वाळवंटात एक भग्न पुतळा पडलेला आहे. चेहऱ्यावर सत्तेचा ताठा कोरलेला आहे. पायथ्याशी सम्राटाची दर्पोक्ती आहे. आणि सभोवार वाळूशिवाय काही नाही. सम्राटाचा उद्दामपणा ओळखून तो दगडात उतरवणारा अनामिक शिल्पी मात्र या कवितेत सम्राटापेक्षा अधिक काळ टिकला आहे.

शेली आणि त्याचा मित्र होरेस स्मिथ यांनी एकाच विषयावर स्पर्धा म्हणून सुनीते लिहिली होती. स्मिथचे सुनीत १ फेब्रुवारी १८१८ रोजी त्याच साप्ताहिकात आले. स्मिथने बोध स्पष्ट करून सांगितला : एके दिवशी लंडनही उजाड होईल आणि तेथून जाणारा एखादा शिकारी येथे कोण राहत असे याचा विचार करील. विचार योग्यच होता. परंतु स्मिथचे सुनीत आज अभ्यासकांपुरते उरले आहे. शेलीने बोध सांगितला नाही. तुटलेले पाय, अर्धा बुजलेला चेहरा आणि वाळू एवढेच आपल्यापुढे ठेवून तो बाजूला झाला. त्याने लंडनचे नाव घेतले नाही, म्हणून त्या वाळूत लंडनही मावले आणि इतर राजधान्याही मावल्या.

मराठी वाचकाला ते वर्ष विसरणे शक्य नाही. कविता छापली जाण्यापूर्वी दोनच महिने, १७ नोव्हेंबर १८१७ रोजी, पुण्याच्या शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले होते. जून १८१८ मध्ये दुसरा बाजीराव इंग्रजांच्या स्वाधीन झाला आणि पेशवाई संपली. १८२८ च्या आगीत वाड्याच्या आतील महाल जळून गेले. आज आपण दिल्ली दरवाजातून आत शिरतो तेव्हा पाहतो ती उघडी जोती. शेलीला शनिवारवाडा ठाऊक नव्हता. पण त्याच्या देशाचे सैन्य तेथे उभे असताना त्याने सत्तेच्या दर्पावर ही कविता लिहिली, ही वस्तुस्थिती आहे.

येथे एक मोह टाळला पाहिजे. ‘पाहा, इंग्रजी साम्राज्यही अखेर वाळूतच गेले’, असे म्हणून आपण सुखावतो. १९४७ साली ते निशाण उतरले हे खरेच आहे. परंतु दुसऱ्याचा पुतळा कोसळल्याचा आनंद देण्यापुरतीच ही कविता मानली, तर ती वाचलीच नाही असे होईल. आपल्या पराभवाची कारणे, आपल्या दरबारातील कलह, आपला दर्प यांच्याकडेही ती पाहायला लावते. जी कविता केवळ शत्रूला लागू पडते ती वैश्विक नव्हे. वाचणाऱ्यालाही लागू पडली तरच ती वैश्विक.

अर्धा राहिलेला मेंढवाडा

विल्यम वर्ड्सवर्थ आपल्याकडे निसर्गकवी म्हणून परिचित आहे. फुले, तळी, डोंगर एवढ्यावरच बहुतेकांचा परिचय थांबतो. त्याची ‘मायकेल’ ही दीर्घ कविता ‘लिरिकल बॅलड्स’च्या १८०० च्या दुसऱ्या आवृत्तीत आली. ती घडते इंग्लंडच्या उत्तरेकडील ग्रासमिअर खोऱ्यात, ग्रीनहेड नावाच्या ओढ्याकाठी. इतकी स्थानिक, की त्या ओढ्याची वाट कोठून वळते हेही कवी आरंभी सांगतो.

मायकेल हा म्हातारा मेंढपाळ. पत्नी इझाबेल आणि उतारवयात झालेला एकुलता एक मुलगा ल्यूक. वडिलोपार्जित जमिनीचा लहानसा तुकडा. रात्री उशिरापर्यंत या घरात दिवा जळतो, हाताला काम असते. पुतण्याला जामीन राहिल्यामुळे मायकेलवर देणे येते. जमीन विकावी की मुलाला पैसे मिळवण्यासाठी शहरात पाठवावे, हा प्रश्न उभा राहतो. जमीन मुलासाठी राखायची, तर मुलालाच दूर पाठवावे लागते. जाण्यापूर्वी बाप मुलाला ओढ्याकाठी नेतो. तेथे मेंढवाडा बांधण्यासाठी दगड जमवलेले आहेत. पहिला दगड तो मुलाच्या हातून बसवून घेतो. पुढे शहरात ल्यूक वाईट मार्गाला लागतो आणि तोंड लपवण्यासाठी समुद्रापार निघून जातो. बाप त्यानंतरही काही वर्षे जगतो, त्या दगडांपाशी जातो. पण मेंढवाडा पुरा होत नाही. आईबाप गेल्यावर जमीन परक्याच्या हाती जाते, घर नाहीसे होते. ओढ्याकाठी उरतो तो दगडांचा ढीग.

१८०१ च्या जानेवारीत वर्ड्सवर्थने हा संग्रह चार्ल्स जेम्स फॉक्स या ज्येष्ठ संसदपटूकडे पाठवला आणि सोबत पत्र लिहिले. लहान जमीनधारकांची कुटुंबे मोडत आहेत, घरातील माया टिकवून धरणारा आधार त्यांच्या हातून सुटतो आहे, हे राज्यकर्त्यांच्या ध्यानी यावे, असा त्याचा हेतू होता. त्याच्या लेखी ‘मायकेल’ हे डोंगराचे चित्र नव्हते. जमीन, कर्ज आणि कुटुंब यांच्या नात्याची ती साक्ष होती.

ही कथा महाराष्ट्राला समजावून सांगावी लागत नाही. सातारा, रत्नागिरी, सिंधुदुर्ग येथील किती घरांनी गावची जमीन राखण्यासाठी मुले मुंबईच्या गिरण्यांत आणि गोद्यांत पाठवली! महिन्याच्या मनिऑर्डरीवर घर चाले. ल्यूकसारखी सारीच मुले बिघडली नाहीत. बहुतेकांनी हाडाची काडे करून घरे उभी केली. पण जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपानंतर असंख्य कामगारांना ना धड मुंबई उरली, ना धड गाव. आज ती मुले पुण्याला जातात, बंगळूरला जातात, परदेशी जातात. गावी अर्धवट बांधकामाच्या भिंतीतून वर आलेल्या लोखंडी सळ्या पावसात गंजत असतात. ‘दिवाळीला आला की पुरं करणार आहे म्हणतोय’, असे सांगणारे आईबाप मी अनेक गावांत पाहिले आहेत. ग्रासमिअरच्या दगडांची आणि या सळ्यांची भाषा एकच आहे.

साम्राज्याचा कवी, मुलाचा बाप

इंग्रजीतील प्रत्येक गाजलेली कविता वैश्विक असते, असे मात्र कोणी समजू नये. रुडयार्ड किपलिंगचा जन्म आपल्या मुंबईतला, ३० डिसेंबर १८६५ चा, वडील जे. जे. कला विद्यालयात शिक्षक होते. १८९९ साली अमेरिका फिलिपाइन्सचा ताबा घेत असताना त्याने ‘व्हाइट मॅन्स बर्डन’ ही कविता लिहिली. गोऱ्या माणसाने इतरांवर राज्य करणे हे जणू त्याने पत्करलेले कष्टाचे कर्तव्य आहे, असा तिचा सूर. भाषा साऱ्या मानवजातीच्या कल्याणाची, दृष्टी मात्र राज्यकर्त्याच्या खुर्चीतली. मानवजातीच्या नावाने बोलणारी प्रत्येक वाणी वैश्विक नसते, हे ओळखण्यासाठी ही कविता वाचली पाहिजे. त्या ‘मानवजाती’त आपल्याला कोणते स्थान दिले आहे, एवढे विचारले की पुरे.

पण गोष्ट येथे संपत नाही. महायुद्धात किपलिंगचा मुलगा जॉन दृष्टी अधू असल्याने सैन्यात नाकारला गेला होता. वडिलांनी आपले वजन खर्चून त्याला आयरिश गार्ड्समध्ये अधिकारपद मिळवून दिले. सप्टेंबर १९१५ मध्ये लूसच्या लढाईत तो बेपत्ता झाला. वय वर्षे अठरा. किपलिंगच्या हयातीत त्याचा देह सापडला नाही. १९१६ साली किपलिंगने ‘माय बॉय जॅक’ ही छोटी कविता लिहिली. तिच्यात समुद्रावर गेलेल्या मुलाची बातमी विचारणारे आईबाप आहेत, आणि बातमी येत नाही. साम्राज्याचे ओझे गाणारा कवी येथे मायकेलच्या शेजारी येऊन बसला आहे. पहिल्या कवितेत त्याने जगाला उपदेश केला. ती आज त्या काळाचा पुरावा म्हणून वाचली जाते. दुसरीत त्याने केवळ एका मुलाची वाट पाहिली. ती कोणत्याही घरातली होऊ शकते.

घोषणा आणि गुदमरणे

त्याच युद्धातील विल्फ्रेड ओवेन हा दुसरा कवी. एडिंबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट येथील लष्करी रुग्णालयात उपचार घेत असताना, १९१७ च्या ऑक्टोबरात, त्याने ‘डल्सी एट डेकोरम एस्ट’ ही कविता लिहिली. विषारी वायूचा हल्ला, मुखवटा चढवायला क्षणभर उशीर झालेला एक सैनिक, आणि त्याचे गुदमरणे पाहणारा त्याचा सोबती. रोमन कवी होरेसच्या ज्या वचनात देशासाठी येणाऱ्या मृत्यूचा गौरव आहे, ते वचन शीर्षकात घेऊन कवी अखेरीस त्याला असत्य ठरवतो.

या नियतकालिकाच्या वाचकाला येथे अडखळायला होईल. देशासाठी प्राण देणाऱ्यांची स्मृती आपण पूज्य मानतो. मग ही कविता आपण कशी वाचायची? मीही प्रथम अडखळलो होतो. ओवेन रणांगणाला पाठ दाखवणारा नव्हता. बरा झाल्यावर तो पुन्हा आघाडीवर गेला, शौर्याबद्दल मिलिटरी क्रॉसचा मानकरी ठरला आणि ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, युद्ध थांबायला एक आठवडा उरला असताना, पंचविसाव्या वर्षी रणांगणात पडला. ती तार त्याच्या आईला मिळाली ११ नोव्हेंबरला, शस्त्रसंधीच्या दिवशी. म्हणजे मरणाला भिऊन त्याने ती कविता लिहिली असे म्हणण्याची सोयच नाही. त्याचा राग सुरक्षित घरात बसून, मरण न पाहता, इतरांच्या मुलांना मरणाचे गोडवे सांगणाऱ्यांवर होता. खर्ड्यात त्याने ही कविता भरतीची पद्ये रचणाऱ्या एका लेखिकेला उद्देशून लिहिली होती. बलिदानाचा आदर आणि बलिदानाची जाहिरात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सैनिकाविषयी ज्याला खरोखर आदर आहे, त्याने ही कविता टाळू नये. कारण सैनिकाच्या देहाला काय सोसावे लागते हे ती सांगते.

त्या महायुद्धात हिंदुस्थानच्या चौऱ्याहत्तर हजारांहून अधिक जवानांनी प्राण गमावले. मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात (१९१५-१६) आपल्या मराठा पलटणी होत्या. चावडीवरच्या त्या पाटीतील आकड्याला असे प्रत्यक्ष देह होते, ही जाणीव मला ओवेनने दिली.

आणि ओवेनला धीर कोणी दिला होता? १९२० साली त्याची आई सुसान ओवेन यांनी रवींद्रनाथ ठाकुरांना पत्र लिहिले. शेवटच्या भेटीत निरोप घेताना मुलाने रवींद्रनाथांचे शब्द उच्चारले होते आणि त्याची खिशातली वही परत आली तेव्हा तीत तेच शब्द, खाली रवींद्रनाथांच्या नावासह, लिहिलेले होते. ‘गीतांजली’ची इंग्रजी आवृत्ती १९१२ ची. पद्मेच्या काठी बंगालीत जन्मलेली कविता फ्रान्सच्या चिखलात एका इंग्रज अधिकाऱ्याच्या खिशात पोहोचली होती. वैश्विकता ही इंग्लंडहून इकडे निर्यात होणारी वस्तू आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी ही वही आठवावी.

साधारणीकरणाची कसोटी

एकाचे दुःख दुसऱ्याचे कसे होते, या प्रश्नाचा विचार आपल्याकडे सहस्र वर्षांपूर्वी झाला आहे. काश्मीरच्या भट्टनायकाने त्याला ‘साधारणीकरण’ हे नाव दिले आणि अभिनवगुप्ताने तो विचार पुढे नेला. काव्यातील भाव हा माझा आहे, शत्रूचा आहे की त्रयस्थाचा आहे, ही गाठ रसिकाच्या मनातून सुटते, आणि मग तो भाव सर्वांचा होतो. पत्नी इंदुमती गेल्यावर अजराजाने केलेला विलाप ‘रघुवंशा’च्या आठव्या सर्गात वाचताना आपण अयोध्येचे राजे नसतो, तरीही गहिवरतो.

मात्र या सिद्धान्ताचा अर्धाच भाग आपण ध्यानात ठेवतो. भाव साधारण होतो, पण तो जागा होतो विशिष्ट विभावांमुळे : ही व्यक्ती, ही जागा, ही वेळ. विभावच नसेल तर साधारण व्हायचे तरी काय? मेंढवाड्याचे दगड काढून घ्या, ‘मायकेल’मध्ये उरेल ते मार्गदर्शकातले सूत्र. ‘पुत्रवियोग दुःखद असतो’ हे वाक्य सर्व देशांत, सर्व काळांत खरे आहे. आणि म्हणूनच त्याने कोणाच्याही डोळ्यांत पाणी येत नाही.

आपल्या पूर्वसुरींना हे उमगले होते. केशवसुतांनी (१८६६-१९०५) इंग्रजीतील चौदा ओळींचा घाट मराठीत आणला. शेलीने पश्चिम वाऱ्याला उद्देशून कविता लिहिली होती. केशवसुतांनी लिहिली ती नैर्ऋत्येकडील वाऱ्यास, कोकणची आठवण घेऊन येणाऱ्या वाऱ्यास. गाव बदलले म्हणून वारा बदलला. अनुकरण आणि आत्मसात करणे यांतले अंतर याहून सोप्या शब्दांत सांगता येईल असे वाटत नाही.

प्रश्नपत्रिकेपलीकडे

इंग्रजी कविता या देशात निष्पापपणे आलेली नाही, हेही सांगितले पाहिजे. मेकॉलेचे टिपण १८३५ चे. ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी साहित्याची स्वतंत्र पदवी सुरू झाली १८९४ मध्ये. त्याच्या कितीतरी आधी आपल्या शाळा-महाविद्यालयांत हे साहित्य नेमले गेले होते. राज्य दृढ करण्यासाठी या शिक्षणाचा कसा उपयोग झाला, हे गौरी विश्वनाथन यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मास्क्स ऑफ कॉन्क्वेस्ट’ या ग्रंथात दाखवले आहे. त्याचा एक परिणाम अजून टिकून आहे. इंग्रजीत आले ते वैश्विक आणि मराठीत आले ते प्रादेशिक, असा एक न बोललेला समज सुशिक्षित घरांत घट्ट बसला आहे.

या समजाला दोन प्रकारे उत्तर दिले जाते आणि दोन्ही मला अपुरी वाटतात. एक पक्ष इंग्रजी कवितेसमोर हात जोडून उभा राहतो. दुसरा म्हणतो, परक्यांची कविता आम्हाला हवीच कशाला? पहिला पक्ष कविता न वाचता तिची आरती करतो, दुसरा न वाचता तिला हद्दपार करतो. न वाचण्यावर मात्र दोघांचे एकमत असते! मेकॉलेने कोणत्या हेतूने ग्रंथ पाठवले, यावर आपण ते कसे वाचावे हे ठरत नाही. ग्रेचा खेडूत आणि वर्ड्सवर्थचा मेंढपाळ मेकॉलेच्या मालकीचे नव्हते.

म्हणून अध्यापकांना एक नम्र सूचना करावीशी वाटते. ‘वैश्विक आशय स्पष्ट करा’ हा प्रश्न काही वर्षे बाजूला ठेवावा. त्याऐवजी विद्यार्थ्याला विचारावे : या कवितेतील एखादी वस्तू निवड आणि तशी वस्तू तुझ्या गावात कोठे आहे ते सांग. मार्गदर्शकांची जागा आज भ्रमणध्वनीने घेतली आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर तो क्षणात पुरवतो. दुसऱ्याचे उत्तर मात्र त्याच्याकडे नाही. ते मुलाला आजोबांना विचारूनच आणावे लागेल. त्या निमित्ताने वर्गात कविता एकदा तरी पुरती, मोठ्याने वाचली जाईल. आणि ग्रासमिअरचा मेंढपाळ ज्याला कळला, त्याला आपल्या माणदेशातला मेंढपाळ ‘प्रादेशिक’ वाटणार नाही, अशी माझी खात्री आहे.

त्या गावी मी पुन्हा गेलो होतो. पाण्याचा टँकर आता तितक्या वेळा येत नाही, चावडीला रंग दिला आहे, आणि रंगाऱ्याने पाटीवरही एक हात मारला आहे. आकडे त्याखाली बुजले आहेत. ग्रामपंचायतीतील एका तरुण सदस्याला मी म्हटले, "एवढा रंग खरवडून घ्या. आणि जमलं तर जुन्या घरांतून विचारून नावं शोधा." तो म्हणाला, "बघतो, काका. आमच्या पणज्याचा भाऊ गेला होता म्हणतात. त्याचं नाव आजीला ठाऊक असंल."

एक नाव मिळाले, तरी आकडा एकाने कमी होईल.